मेस्त्रींची फीत

"फीत मिळणार नाही, मॅडम. बाकी काय पाहिजे ते मागा."

विश्राम मेस्त्री माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात मोजणीची वही, काखेत बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा, आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली, चामड्याच्या गोल घरात गुंडाळलेली ती फीत. परदेशातून आलेला प्रत्येक ओंडका या फितीने मोजला जाई आणि मगच वखारीत जाई. मेस्त्री आमच्या संघाचे मुख्य मोजणीदार होते.

"एका दिवसासाठी हवी आहे," मी म्हटलं. "संध्याकाळी परत देते."

"एका तासासाठी पण नाय. माणूस आपला चष्मा दुसऱ्याला देतो काय?" असं म्हणून ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

"डब्यात काय आहे?"

"बिस्किटं. पिंटोसाहेब बेटावरून आले की आणतात. घ्या एक."

मी घेतलं नाही. पुराव्यातलं बिस्किट कोण खातं?

"आणि हे बघा," म्हणत त्यांनी वहीतून एक पाकीट काढलं. आत त्यांचा पासपोर्ट होता, नवाकोरा. फोटोत ते शाळेच्या मास्तरांसमोर उभं केल्यासारखे दिसत होते. "जानेवारीत जायचं पिंटोसाहेबांबरोबर. जंगल बघायला. तीस वर्षं आडवं लाकूड बघतोय मॅडम, ज्या झाडाचं असतं ते झाड उभं असताना कसं दिसतं ते काय माहीत नाय. मार्चमध्ये रिटायर होणार. त्याच्या आधी एकदा उभं झाड बघायचं."

"वा, छान," मी म्हटलं, आणि ते गेल्यावर माझ्या खासगी वहीत लिहिलं: डबा. पासपोर्ट. फीत देत नाही.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरातली. मी सत्तावीस वर्षांची होते, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि संशय माझ्या स्वभावात पहिल्यापासून होता. सांगलीला आमच्या दूधवाल्याच्या मापाचा तळ बोटाने चाचपून बघणारी मीच. आई म्हणायची, "शैले, तुला सासर मिळालं तर पोलीस चौकीतच मिळेल." सासर मिळालं नाही, पण मुंबईत रे रोडजवळ लाकूड आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघात नोकरी मिळाली. आकडे गोळा करायचे, तक्ते मांडायचे. माझं टेबल आणि पहिली वखार यांत दोनशे पावलांचं अंतर असेल. आठ महिन्यांत ती दोनशे पावलं मी एकदाही चालले नव्हते. तिकडे चिखल असे, क्रेनचा आवाज असे, आणि ओंडक्यांवर बसून विड्या ओढणारे लोक बाईमाणूस आलेलं पाहून गप्प होत. शिवाय लाकडाबद्दल जे कळायचं ते कागदावरून कळतं, अशी माझी समजूत होती.

आमच्याकडे कठीण लाकूड मुख्यतः दोन देशांतून येई. वखारीतले लोक त्यांना नदीचा माल आणि बेटाचा माल म्हणत. एका देशातून ते मोठ्या नदीवरून तरंगत बंदराला यायचं, दुसरा देश चारी बाजूंनी समुद्रात होता. खरी नावं मी सांगत नाही. दोन्ही देश आजही आहेत, आणि प्रकरण आमचं होतं, त्यांचं नव्हतं.

संघाचे सचिव कारखानीस साहेब बँकेतून निवृत्त होऊन वर्षापूर्वीच आले होते. लाकडातलं त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं, म्हणजे टेबलापुरतं. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं.

"शैलजाबाई, दोन्ही देशांची वीस वर्षांची निर्यात शेजारी शेजारी मांडा. एकाहत्तर ते नव्वद. कोण वर चाललाय, कोण खाली येतोय, ते एका नजरेत दिसलं पाहिजे. सोळा तारखेला, सोमवारी, समितीची बैठक आहे. पुढच्या पाच वर्षांचा करार दोघांपैकी एकाशीच होणार."

दोन्ही देशांची वार्षिक पुस्तकं आमच्या कपाटात होती. नदीवाले टनात लिहीत. धंद्यातल्या त्या टनाचे पन्नास घनफूट धरतात, हे कारखानीसांनी मला पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. बेटवाले आधी घनफुटात लिहीत आणि चौऱ्याऐंशीपासून घनमीटरमध्ये. घनमीटरचे घनफूट तर शाळकरी पोरंही करतात. मी सगळं एका मापात आणलं आणि आलेख काढला. नदीची रेघ निळी, बेटाची लाल. निळी रेघ वर्षानुवर्षं हळूहळू उतरत होती. लाल तिच्या बरीच खालून, जवळपास सपाट चालली होती. आणि चौऱ्याऐंशी साली लाल रेघेने एकदम उसळी घेऊन निळीला कापलं होतं, ती पुन्हा खाली आलीच नव्हती. इतका सुंदर आलेख मी त्याआधी काढला नव्हता.

पण कुणाचाही आकडा पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन्ही देशांच्या पुस्तकांत 'मुंबईला रवाना' असा एक रकाना होता. मुंबईत किती उतरलं ते मेस्त्रींच्या मोजणीच्या वह्यांत होतं. मी दोन्ही जुळवून पाहिले.

नदीचा माल वीसच्या वीस वर्षं जुळला. शंभर निघाले तर अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पोचले. बेटाचा माल त्र्याऐंशीपर्यंत जुळला. चौऱ्याऐंशीपासून मात्र शंभर निघत आणि साडेअठ्ठ्याहत्तर पोचत. पंच्याऐंशीला साडेअठ्ठ्याहत्तर. शहाऐंशीला अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. नव्वदपर्यंत तेच.

दर वर्षी शंभरातलं साडेएकवीस लाकूड जहाज आणि वखार यांच्या मध्ये कुठेतरी नाहीसं होत होतं.

चौऱ्याऐंशीत काय झालं ते मी फाइलींत शोधलं. त्याच वर्षी बेटाचा एजंट म्हणून पिंटो आला. आणि त्याच वर्षी विश्राम मेस्त्री मुख्य मोजणीदार झाले.

मी घाबरले, हे कबूल करते. आणि आनंदही झाला, तेही कबूल करते. इतक्या वर्षांच्या संशयी स्वभावाला पहिल्यांदाच खरं काम मिळालं होतं. एक गोष्ट तेवढी खटकली. एवढी काटेकोर चोरी? दर साल तेवढीच, ना एक कमी ना एक जास्त? त्याचं उत्तर मी लगेच शोधून काढलं. दोघांचा वाटा ठरलेला असणार. ज्या नेमकेपणाने मी थबकायला हवं होतं, तोच मी मेस्त्रींच्या विरोधात जमा केला.

म्हणूनच मी त्यांच्याकडे फीत मागितली होती, आणि ती मिळाली नव्हती. शुक्रवारी दुपारी मेस्त्री आठवड्याची वही द्यायला आले. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"मेस्त्री, चौऱ्याऐंशीपासून बेटाच्या मालात काही बदललं का हो?"

"चौऱ्याऐंशी?" त्यांनी डोकं खाजवलं. "पिंटोसाहेब आले ते ना? नाय, माल तोच. ओंडके जरा बारीक यायला लागले."

"आणि मोजणीत?"

"मोजणीत काय बदलणार? माझ्या बापाच्या वेळेपासून तीच मोजणी." मग माझ्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "का हो मॅडम? काय अडलंय काय?"

इथे मी एक वाक्य बोलले असते तर ही कथा सांगायची वेळ आली नसती. साडेएकवीस टक्के कमी पडतात, एवढंच. पण आपल्याला काय सापडलंय ते चोराला सांगायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

"काही नाही, सहज विचारलं," मी म्हटलं.

"काय समजायचं असेल तर वखारीत या ना एकदा. इथे बसून लाकूड कसं समजणार? मी दाखवतो सगळं."

मला वाटलं, आधी सगळं नीट रचून ठेवणार आणि मग दाखवणार. "बघू," मी म्हटलं.

ते दारापर्यंत जाऊन परत फिरले. "तुम्ही ती फीत कशाला मागत होता?"

"तेही सहजच."

त्यांचा हात कमरेच्या फितीवर गेला आणि तिथेच राहिला. ते तसेच निघून गेले. आता तेही माझ्याकडे संशयाने बघू लागले होते, आणि मला तर तो कबुलीजबाबच वाटला.

मी तडक कारखानीसांच्या खोलीत गेले. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे आणखी कुणाला दाखवलंत?"

"कुणालाही नाही."

"दाखवू नका. समितीपुढे हे गेलं तर सोमवारी बाजारात बोभाटा होईल. बँकेत असताना मी अशी तीन प्रकरणं काढली आहेत. माणसाला बोलावायचं, त्याच्यावर काय आहे ते सांगायचं नाही, आणि नुसतं विचारत राहायचं. खरा असेल तर रागावेल आणि खोटा असेल तर घाबरेल."

"आणि खरा असूनही घाबरला तर?"

"तुम्हालाच शंका येतेय का आता?"

"नाही, नाही," मी म्हटलं. त्या आठवड्यात मला फक्त स्वतःबद्दल शंका आली नव्हती.

शनिवारी सकाळी अकराला मेस्त्रींना बोलावलं. मी कोपऱ्यात टिपण घ्यायला बसले. मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जंगलाला जायची तारीख ठरली, ते सांगायला बोलावलंय असं त्यांना वाटलं असावं.

"मेस्त्री, चौऱ्याऐंशीपासून तुम्ही पिंटोकडून काय घेता?"

"काय घेतो म्हणजे?"

"सरळ प्रश्न आहे."

"बिस्किटं." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांनी बघितलाय ना डबा. आणि एकदा सिगारेटचं पाकीट घेतलंय, खोटं कशाला बोलू? गणपतीत."

"आणि जंगलाची सहल?"

"ती सहल नाय साहेब, ओंडके निवडायला जायचंय. समितीनेच पास केलंय ते."

"पिंटोच्या सांगण्यावरून. मोजणीच्या वह्या कोण लिहितं?"

"मी."

"फक्त तुम्हीच?"

"मीच. का?"

"फीत दुसऱ्या कुणाच्या हातात का देत नाही?"

मेस्त्री काही वेळ बोललेच नाहीत. मी टिपणात 'गप्प' असं लिहिलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "साहेब, माझ्यावर काय आळ आहे ते तरी सांगा."

"ते तुम्हीच सांगा."

"मला माहीत नाय तर मी काय सांगू?" ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही काल विचारत होता."

माझ्या मांडीवरच्या कागदावर तो आकडा लिहिलेला होता. मी कागद उलटा केला.

"चौकशी होईपर्यंत काम बंद ठेवा," कारखानीस म्हणाले. "वही आणि फीत इथे जमा करा. फीत संघाच्या मालकीची आहे."

मेस्त्रींनी पट्टा सैल करून फीत काढली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. "तीस वर्षांत ह्या फितीवर कुणी बोट ठेवलं नाय. नदीवाल्यांनी नाय, बेटवाल्यांनी नाय, गिऱ्हाइकाने नाय. चौकशी-बिवकशी नको. मीच जातो." एका कोऱ्या कागदावर त्यांनी दोन ओळींचा राजीनामा लिहिला, सही केली, आणि आमच्याकडे न बघता जिना उतरून गेले.

"बघितलंत?" कारखानीस म्हणाले. "घाबरला."

मला तो रागावल्यासारखा दिसला होता. पण मी मान हलवली.

शनिवारी ऑफिस दीडला सुटे. सगळे गेल्यावर मी फीत माझ्या टेबलावर आणली. खरा पुरावा तीच असणार, माझी खात्री होती. मी ती चामड्याच्या घरातून ओढली. कापडी, मळलेली, हाताळून मऊ झालेली, वर काळे आकडे. शेजारी माझी लाकडी पट्टी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. फितीवरचा एक इंच माझ्या पट्टीवर चार इंच भरत होता.

खोटी फीत! मी खुर्चीतून उठलेच. सापडला म्हणून मोठ्याने ओरडले असेन, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग मला खात्री करून घ्यावीशी वाटली. वेढा घेऊन बघावा असं दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून फीत मी माझ्याच कमरेभोवती गुंडाळली आणि वाचली. सात. माझी कंबर सात इंच.

मी तशीच उभी राहिले. साडेएकवीस टक्के चोरायचे असतील तर फीत थोडी लांब करतील. कमरेचे सात इंच दाखवणारी फीत घेऊन कोण चोरी करेल? ती तर पहिल्याच ओंडक्यावर, आंधळ्यालासुद्धा कळेल. फसवणूक असेल तर ही फारच उघडी होती. पहिल्यांदाच माझा संशय मेस्त्रींना सोडून दुसरीकडे वळला, आणि तो कुठे वळतोय ते मला आवडत नव्हतं.

फीत मुठीत धरून मी जिना उतरले आणि ती दोनशे पावलं चालले. चपला चिखलात रुतल्या. पहिल्याच वखारीत बाबाजी मुकादम ओंडक्यांवर खडूने आकडे टाकत होता. मी त्याच्यापुढे फीत धरली.

"ही खोटी आहे का हो?"

त्याने ती ओळखली. "ही मेस्त्रींची ना? तुमच्याकडे कशी?"

"आधी सांगा. हिच्यावरचा इंच चार इंचांचा आहे."

"मग? असणारच." त्याने खिशातून स्वतःची फीत काढली आणि माझ्या फितीला लावली. दोन्ही सारख्या. त्याने हाक मारली, तसे आणखी दोघं आपापल्या फिती घेऊन आले. चारही सारख्या. बाबाजी हसायला लागला. "मॅडम, तुम्ही शिंप्याची फीत समजलात की काय? ओंडका गोल, पण आपल्याला लाकूड पाहिजे चौकोनी. कडेचं जातं, साल जाते. म्हणून वेढा घ्यायचा, त्याचा चौथा भाग धरायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने. दर ओंडक्याला चाराने भागत कोण बसणार? म्हणून फितीवरच चौथाई छापलेली असते. सगळी वखार ह्याच मापावर चालते. नदीवाले पण असंच मोजतात."

"आणि बेटवाले?"

"आधी तसंच मोजायचे. आता तिकडे काय करतात ते त्यांना माहीत. इथे उतरलं की आम्ही आमच्या फितीने मोजतो."

मी तिथेच, ओंडक्यावर, खडू मागून घेऊन गणित मांडलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ एकीकडे, वेढ्याच्या चौथाईचा चौरस दुसरीकडे. गोल ओंडक्यातलं खरं लाकूड शंभर धरलं, तर चौथाईच्या फितीने ते भरतं साडेअठ्ठ्याहत्तर. कुणाही ओंडक्याला, कुठल्याही साली, तेवढंच. सात वर्षांच्या चोरीचा उलगडा तीन ओळींत संपला. बाबाजी वाकून बघत होता. त्याला ती अक्षरं कळत नव्हती, पण माझा चेहरा कळला असावा.

"मेस्त्रींना काय झालं?" त्याने विचारलं.

मी पळत ऑफिसात परत आले आणि बेटाचं चौऱ्याऐंशीचं पुस्तक काढलं. प्रस्तावना मी कधीच वाचत नसे, थेट तक्त्यांवर जात असे. प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की या वर्षापासून चौथाईची पद्धत सोडून ओंडक्याचं संपूर्ण घनमाप दिलं जात आहे, आधीच्या आकड्यांशी तुलना करताना वाचकांनी काळजी घ्यावी. ते वाचक म्हणजे मीच. लाल रेघेने उसळी घेतलीच नव्हती. बेटवाल्यांनी फक्त माप बदललं होतं.

रविवारी सकाळी घोडपदेवला मेस्त्रींच्या चाळीत गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "काल संध्याकाळच्या एस.टी.ने दोघं गावाला गेली. काय घाई होती कुणास ठाऊक. गॅसवर दूध तसंच राहिलं होतं, ते मी घेतलं."

सोमवारी बैठकीआधी मी कारखानीसांना सगळं सांगितलं. त्यांनी मेस्त्रींचा राजीनामा फाइलीत लावला.

"राजीनामा त्यांनी आपणहून दिला आहे," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही फक्त आलेख दुरुस्त करा. बाकीचं काढू नका."

मी काढलं. नवा आलेख समितीपुढे ठेवला. त्यात लाल रेघ अठ्ठ्याऐंशीपर्यंत निळीच्या खालीच होती, तिला शिवलीही नव्हती. मग जुना आलेख दाखवला, आणि त्यावरून मेस्त्रींचं काय झालं तेही सांगितलं. अध्यक्ष वेलजीभाई वयाच्या चौदाव्या वर्षापासून वखारीत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं कपाळावर हात मारला.

"अरे बेन, एवढं विचारायचं तरी! कोणालाही विचारायचं. खाली चहावाल्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

संघाने मेस्त्रींना माफीचं पत्र पाठवलं. परत या, जंगलाला जायचं ठरल्याप्रमाणेच आहे, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. त्यालाही नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी रजा घेतली, फीत पिशवीत टाकली आणि एस.टी. पकडली.

कणकवलीच्या पुढे उतरून तासभर चालावं लागलं. मेस्त्री अंगणात फणसाच्या फळीला रंधा मारत बसले होते. मला पाहून त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि खांद्यावरच्या पंच्याने बसायची जागा पुसली. मीच बोलले. फीत, कंबर, बाबाजी, प्रस्तावना, सगळं.

"किती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"साडेएकवीस टक्के."

"साडेएकवीस." ते खिन्न हसले. "हा आकडा तेव्हा सांगितला असतात तर उभ्या उभ्या सांगितलं असतं की ही चौथाई आहे म्हणून. माझ्या बापाने शिकवलेलं मला ते. गोलातलं किती सुटतं ते." मग त्यांची बोली गावाकडे वळली. "माका इचारूक होया होता."

"मला वाटलं, विचारलं तर तुम्ही सावध व्हाल."

त्यांनी फळीवरचा भुसा हाताने झाडला. आतून त्यांच्या बायकोने पाणी आणि गूळ आणून ठेवला.

"मेस्त्री, चला परत," मी म्हटलं. "विमानाचं तिकीट वीस तारखेचं आहे. सगळ्यांना कळलंय की तुमची काही चूक नव्हती. वेलजीभाईंनी स्वतः—"

"नाय मॅडम. आता नाय जमणार."

"का? तुम्हाला उभं झाड बघायचं होतं ना?"

"होतं. पण आता गेलो तर लोक काय बोलतील? पिंटोने नेलं. आधी नेलं असतं तर कुणाच्या मनात पण आलं नसतं. माझ्या पण नसतं आलं. आता तिथे झाडाखाली उभा राहिलो तरी मलाच वाटत राहणार, हे कशाबद्दल दाखवतायत?" त्यांनी रंधा पुन्हा उचलला. "ह्या महिन्यात पिंटोसाहेबांनी बिस्किटं धाडली ती पण परत केली. चांगला माणूस होता तो. उगाच."

मी फीत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, थोडी ओढून बघितली आणि माझ्या पिशवीत परत घातली. "ती संघाच्या मालकीची," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी रडले नसते.

निघताना त्यांच्या बायकोने माझ्या हातात एक डबा दिला. निळा पत्र्याचा, तोच. "लांब जावचा असा," ती म्हणाली. "थोडा खाजा घातलंय. डबो तुमकाच ठेवा, आमच्याकडे लय आसत."

कणकवलीला एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. गाडी घाटाला लागल्यावर मी डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. गुळात घोळवलेलं खाजं काठोकाठ भरलं होतं, आल्याचा वास येत होता. एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसऱ्या हाताने मी ते खाजं बाजूला सारू लागले. आपण काय करतोय ते मला कळत होतं. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घातलेला होता. मी तोही उचलून पाहिला. खाली काही नव्हतं.